तेंदूच्या हंगामातला तंबोरा

चंद्रपूर जिल्ह्यात, मे महिन्यात, भर दुपारी तीन वाजता धान गिरणीच्या गोदामात शास्त्रीय गाण्याची बैठक होते, आणि तीही माइकशिवाय, असं सांगितलं की बाहेरगावचा माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग डोक्याकडे. याला ऊन लागलं असावं असा त्याचा समज होतो. पुण्यामुंबईकडचे लोक आमच्या जिल्ह्याचं नाव ऐकलं की दोनच गोष्टी विचारतात, वाघ किती आणि तापमान किती. दोन्हींची उत्तरं देऊन झाली की मी गाण्याकडे वळतो.

मी गाणारा नाही. वाजवणाराही बेताचाच. पोंभुर्ण्यात माझं पेटी-तबला दुरुस्तीचं दुकान होतं, आता ते मुलाने मोबाइलचं केलंय, पण मागच्या खोलीत माझी हत्यारं अजून जागच्या जागी आहेत. वडील भीमगीतांच्या पार्टीत पेटी वाजवायचे. पेटी बिघडली की ती नागपूरला नेण्यापेक्षा स्वतःच उघडून बसायचे, आणि मी शेजारी बसून सुटे झालेले सूर त्यांच्या हातात द्यायचो. सूर म्हणजे पितळेची ती बारीक जीभ, जी हवेने थरथरते. तिचं टोक किंचित घासलं की आवाज चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. आमचा सगळा धंदा एवढ्या घासण्यात आहे. जास्त घासलं तर ती जीभ फेकून द्यावी लागते, म्हणून या धंद्यात हाताला घाई आणि तोंडाला बढाई चालत नाही. बढाई मी आता निवृत्तीनंतर मारतोय.

गिऱ्हाईकं मात्र एकाहून एक. माजरीच्या कोळसा खाणीतले एक भजनी दरवर्षी पेटी घेऊन यायचे आणि दारातूनच ओरडायचे, "भाऊ, पेटी खोकून राह्यली!" उघडून बघावं तर प्रत्येक सुरावर कोळशाची बारीक काळी भुकटी. मी ब्रशने झाडायचो, भाता पुसायचो, आणि सांगायचो की पेटीवर जाड कापड टाकत जा. ते हसायचे. "खानीतल्या मानसाले खोकला आन् त्याच्या पेटीले नाई, असं कसं चालन बाप्पा?"

झाडीपट्टीच्या नाटकातला एक प्रसंग तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. नायिकेच्या मरणाचा प्रवेश, समोर चार गावची माणसं, आणि ऐन वेळी ऑर्गनची एक पट्टी अडकली. एकच सूर, उं उं उं करत, थांबायचं नाव नाही. मी रंगमंचाखाली बसलो होतो. शेजारच्या बाईच्या अंबाड्यातला आकडा मागून घेतला, ऑर्गनच्या मागे शिरलो आणि पट्टी मोकळी केली. तोवर लोक हुंदके देऊन रडत होते. नाटक संपल्यावर कंपनीचे मालक म्हणाले, "उद्याच्या खेळालेबी तो सूर ठेवता येईन का?"

अशा माझ्या आयुष्यात शास्त्रीय गाणं आलं ते देवरावभाऊंमुळे. देवरावभाऊ आमच्याकडच्या धान गिरणीचे मालक. शिक्षणासाठी नागपूरला असताना त्यांना गाण्याचं वेड लागलं आणि ते काही उतरलं नाही. गिरणीचं गोदाम जाड भिंतींचं, उंच कौलांचं. मेमध्ये निम्म्या भागात धानाची पोती रचलेली असतात, आणि पोत्यांमुळे आवाज घुमत नाही, नुसता ऐकू येतो. एकदा देवरावभाऊ तिथे उभे राहून सहज गुणगुणले आणि त्यांच्या डोक्यात किडा शिरला. उन्हाळ्यात कलावंतांना कार्यक्रम कमी असतात, तेव्हा तीन दिवस बोलवायचं, माइक लावायचा नाही, समोरासमोर बसून ऐकायचं. वाद्यं सांभाळायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्या वर्षी आम्ही शहाण्यासारखी संध्याकाळची वेळ ठेवली. गायक आला, तंबोरे लागले, आणि समोर आठ-दहा माणसं. त्यातली निम्मी गिरणीचीच. कारण काय, तर मे म्हणजे आमच्याकडे तेंदूपत्त्याचा हंगाम. विड्यांना लागणारं हे पान. माणसं उजाडायच्या आत जंगलात जातात, पान तोडून उन्हं चढायच्या आत परततात, दुपारभर सावलीत बसून पानांचे पुडे बांधतात आणि संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे पान जमा करायच्या जागी, नेऊन देतात. त्या दिवसांत संध्याकाळी अख्खं गाव फळीवर असतं. साक्षात गंधर्व उतरला तरी त्याला आधी फळीवर रांगेत उभं राहावं लागेल.

आमच्या शेजारच्या तानीबाईंनी यावर उपाय काढला. तानीबाई म्हणजे म्हातारं पण खणखणीत माणूस, भजनात झांजा वाजवणारं. त्या देवरावभाऊंना म्हणाल्या, "दुपारी ठेवा ना भाऊ. गोदामात सावली हाय. आमी पुडे बांधत बांधत ऐकू. कान तं रिकामेच रायतेत."

तेव्हापासून बैठक दुपारी तीनला सुरू होते आणि पाचला उठते, कारण पाचनंतर श्रोते पानं डोक्यावर घेऊन निघतात. गंमत अशी की कलावंतांना ही वेळ फार आवडली. शहरात सगळे कार्यक्रम संध्याकाळचे, त्यामुळे दुपारचे राग बिचारे शिकवणीतच राहतात. आमच्याकडे भीमपलास, मुलतानी आपापल्या वेळेला, खऱ्या उन्हात गायला मिळतात. एक सतारवाले तर म्हणाले की भीमपलास मी इतकी वर्षं वाजवतोय, पण दुपारी पहिल्यांदाच भेटला.

सुरुवातीला अडचणी आल्याच. पुडा बांधताना आमच्या बायका पानं मोठ्याने मोजतात, तशी सवयच असते. विलंबित ख्याल चालू आणि समोर पन्नास-साठ तोंडांतून वेगवेगळे आकडे. तबलजी नवखा होता, त्याची मात्रा बेचाळिसावर गेली आणि सम कुठे हरवली ते त्याला शेवटपर्यंत सापडलं नाही. त्यानंतर बायकांनी आपणहून ठरवलं की बैठकीत ओठांतच मोजायचं. पानांची सळसळ मात्र राहिली. ती थांबवा असं कोणी म्हटलं तर देवरावभाऊ नम्रपणे सांगतात की मग श्रोतेही थांबवावे लागतील.

आता हेमाताईंकडे येतो, कारण खरं सांगायचंय ते त्यांचंच.

हेमाताई पुण्याकडच्या मोठ्या गायिका. साठी केव्हाच ओलांडलेली. त्यांची ख्याती दोन गोष्टींसाठी, एक त्यांची भीमपलासाची चीज आणि दुसरी त्यांची काळी पाच. हे दुसरं जरा समजावून सांगतो. प्रत्येक गाणाऱ्याचा आपला एक सा असतो, आणि तो पेटीच्या ज्या पट्टीशी जुळतो तिचं नाव त्याला देतात. काळी पाच हा बायकांमध्ये चढा सूर. वय वाढलं की गळा खाली येतो, मग बहुतेक जणी काळी चार, काळी तीन अशा उतरतात. उतरण्यात लाज नाही, पण ती गोष्ट कोणी बोलून दाखवत नाही. हेमाताई उतरल्या नव्हत्या. त्यांच्या प्रत्येक कार्यक्रमात निवेदक सांगायचा की या वयातही ताई काळी पाचमध्ये गातात, आणि लोक गाण्याआधीच टाळ्या वाजवायचे.

त्या आल्या तेव्हा बरोबर त्यांची शिष्या मुक्ता आणि दोन तंबोरे होते. एक प्रवासातला लहान, आणि एक थोरला, त्यांच्या गुरूंकडून आलेला, जुन्या भोपळ्याचा. कारमधून उतरवताना तो ताईंनी स्वतः धरला होता. मला म्हणाल्या, "तुमच्या भरवशावर हा इतक्या उन्हात आणलाय."

"सांभाळतो ताई," मी म्हटलं.

संध्याकाळी तंबोरे लावून दिले. कोरड्या हवेत खुंट्या आक्रसतात आणि सुटतात, त्यांना खडू घासला, सूर झंकारावा म्हणून तारांखाली ठेवतात तो जवारीचा दोरा नीट बसवला. दोन तंबोरे एका सुरात लागले की मधूनच एक तिसरा सूर उमटतो जो कोणी वाजवलेला नसतो. तो उमटला की माझी दिवसभराची मजुरी वसूल होते. ताई थोडा वेळ गायल्या. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. खालचा गळा काय सांगावा, आंब्याच्या रसासारखा दाट. पण वरच्या सा ला त्या पोचायच्या तेव्हा आवाज बारीक व्हायचा, मान किंचित पुढे जायची, आणि मुक्ता खाली बघायची. मग ताई पाणी प्यायच्या. मला कळलं. पण न्हाव्याने गिऱ्हाइकाला टक्कल पडतंय म्हणून सांगू नये, तसंच हे. मी हत्यारं गोळा केली आणि नमस्कार करून निघालो.

थोरला तंबोरा गोदामाला लागून असलेल्या खोलीत गादीवर आडवा ठेवला. हवा फार कोरडी होऊ नये म्हणून मी वाद्यांच्या खोलीत दूर कोपऱ्यात ओल्या मातीचं घमेलं ठेवत असतो. ती माझी नेहमीची रीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला खोली उघडली. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर ओलं गोणपाट पसरलेलं होतं. चांगलं निथळणारं ओलं. मी ते उचललं. समोरची लाकडी तबली जिथे भोपळ्याला सरसाने चिकटवलेली असते, तो जोड वीतभर उघडला होता. सरस पाण्याने विरघळतो. आत बोटाचं टोक जाईल एवढी फट पडली होती.

मी इतक्या मोठ्याने ओरडलो की गिरणीचा पट्टा बंद करून माणसं धावत आली. मागून हेमाताई आल्या, मुक्ता आली. ताईंनी फट बघितली. गुडघ्यावर बसून त्या भोपळ्यावरून हात फिरवत राहिल्या.

"कोणी केलं हे?" देवरावभाऊंनी विचारलं.

गर्दीतून तानीबाई पुढे आल्या. त्या जागा धरायला सकाळीच पानं घेऊन आल्या होत्या. "म्या टाकलं गोनपाट."

"काऊन?" मी अजून ओरडतच होतो.

"वाजून राह्यला होता भाऊ तो. टक्, टक्. आमचं पान असंच वाजते कोरडं झालं का, आन् मंग फुटते. पान्याचा हबका मारला का नरम रायते. तुमीबी तं घमेल्यात ओली माती ठेवता ना वाद्यापाशी. मले वाटलं, तुमी इसरले."

तेंदूचं पान वाळून कडक झालं की बांधताना तडकतं, म्हणून त्यावर पाणी शिंपडून ओलं गोणपाट झाकतात. जन्मभर हेच केलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? खुंट्या सुटत असतील, त्याचा टक् टक् आवाज तिने ऐकला आणि जे आपल्या पानाला करते ते तंबोऱ्याला केलं. प्रेमाने केलं. पण त्या क्षणी हे समजून घेण्याच्या मनःस्थितीत कोणीच नव्हतं.

"वाद्याला हात लावायचा नसतो, एवढं माहीत नाही तुम्हाला?" हेमाताईंचा आवाज चढला. "माझ्या गुरूंचा आहे हा! माझा जन्म गेला याच्यापुढे."

तानीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मले का मालूम बाई," एवढंच म्हणाल्या आणि भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. ताईंचा राग रास्त होता आणि तानीबाईंचं रडूही. मी मध्ये उभा होतो आणि बैठक तीनला होती.

मुक्ता हळूच म्हणाली, "ताई, मोबाइलवर तंबोरा आहे."

"त्या डबीपुढे मी बसणार नाही."

लहान तंबोरा एकटा त्या गोदामाला पुरला नसता, माइक तर नाहीच. कार्यक्रम पुढे ढकलावा तर पाचनंतर श्रोते फळीवर जाणार, आणि दुसऱ्या दिवशी ताईंना परतायचं होतं. शिवाय एक वेगळीच भीती होती. अमुक गावी उन्हाळ्यात गेलो आणि वाद्य फुटलं, ही बातमी कलावंतांमध्ये वणव्यासारखी पसरते. मग आमच्याकडे कोण येणार? देवरावभाऊंच्या चेहऱ्यावर हाच विचार मला दिसत होता.

मी म्हटलं, "मला प्रयत्न करू द्या."

तारा उतरवल्या. जुना सरस खरवडला, चुलीवर नवा वितळवला, फटीत भरला. आता प्रश्न दाबून धरण्याचा. सपाट लाकूड असतं तर शिकंजा लावता आला असता. भोपळा गोल, त्याला सगळीकडून सारखा दाब हवा, आणि एका ठिकाणी जास्त पडला की भोपळाच फुटणार. कापडाच्या पट्ट्या बांधून बघितल्या, त्या घसरत होत्या. घाम सरसात पडू नये म्हणून मी मान वळवून काम करत होतो.

भिंतीपाशी उभ्या तानीबाई तेवढ्यात बोलल्या. "भाऊ, सालीनं बांधा. साल घसरत नाई."

पुडे बांधायची सालीची पट्टी चपटी असते, रुतत नाही आणि गाठ सरकत नाही. मी ताईंकडे बघितलं. त्यांची परवानगी मागावी लागणार होती, त्याच बाईचा हात त्याच तंबोऱ्याला पुन्हा लागणार होता. ताईंनी तानीबाईंच्या हातांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "बांधा. पण हळू."

तानीबाई आणि आणखी दोघी बसल्या. मी सांगायचो, इथे थोडं, आता समोरून तेवढंच. त्या ओढायच्या. एरवी अखंड बडबडणाऱ्या बायका, पण त्या वेळी श्वाससुद्धा जपून घेत होत्या. बांधून झालं तेव्हा भोपळ्याला सालीचे पट्टेच पट्टे झाले होते. तंबोरा आम्ही सावलीत, पण दाराच्या तोंडाशी ठेवला, जिथून गरम झळा येतात. आमच्या उन्हाने उभ्या जन्मात एक चांगलं काम केलं असेल तर ते हे. सरस वाळायला एरवी दिवस जातो, पण तीन वाजेपर्यंत तो बोटाला कडक लागू लागला.

कडक, पण पक्का नाही. तारा काळी पाचपर्यंत ताणल्या तर जोड पुन्हा उघडेल, याची मला खात्री होती. म्हणजे जी गोष्ट आदल्या संध्याकाळी मी गिळली होती, तीच आता मला तोंडाने बोलायची होती. माझ्या अख्ख्या धंद्यात असा जड निरोप मी कोणाला दिला नाही. पेटी मेली म्हणून सांगणं यापेक्षा सोपं.

"ताई, तंबोरा वाजेल. पण एवढा ताण नाही सोसणार. सूर उतरवावा लागेल."

"किती?"

"काळी चार."

हेमाताई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना वाटलं असेल, की हा माणूस फक्त जोडाबद्दल बोलतोय की आणखी कशाबद्दल? मी नजर तंबोऱ्यावर ठेवली. देवाशपथ, मी त्या वेळी जोडाबद्दलच बोलत होतो. पण मला दुसरंही माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही कळलं असावं.

"मी काळी चारमध्ये कधी बसले नाही," त्या म्हणाल्या. "लोक काय म्हणतील?"

"इथले लोक पानं मोजतील, ताई."

त्या हसल्या नाहीत. पण खुंट्यांकडे बोट करून म्हणाल्या, "लावा."

मग धावपळ. त्यांच्या साथीदाराचा तबला चढ्या सुरातला, तो उतरेना. मी घरी पळालो आणि भीमगीतांच्या पार्टीचा, दुरुस्तीला आलेला तबला घेऊन आलो. तो काळी चारचाच होता. त्याच्यावर निळ्या रंगात पार्टीचं नाव रंगवलेलं होतं. तबलजींनी एकदा नाव वाचलं, एकदा थाप मारून बघितली आणि म्हणाले, "झकास बोलतोय."

गोदाम भरलं. पोत्यांना टेकून बायका, पुढ्यात पानांचे ढीग, दारात शेतकरी, मागे शाळेतल्या शिक्षकांची रांग. तानीबाई मात्र नेहमीच्या जागी नव्हत्या, अगदी मागे दाराशी बसल्या होत्या. आणि देवरावभाऊ, ज्यांना या गडबडीत सूर उतरल्याचं कोणी सांगितलंच नव्हतं, ते उभे राहिले आणि त्यांनी आठवडाभर पाठ केलेलं वाक्य खणखणीत आवाजात म्हटलं, "या वयातही ताई काळी पाचमध्ये गातात!"

टाळ्या पडल्या. माझं तर पाणी पाणी झालं.

हेमाताईंनी हात वर केला. टाळ्या थांबल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "आज नाही. आज मी काळी चारमध्ये गाणार आहे."

शिक्षकांच्या रांगेत थोडी चुळबुळ झाली. मागून तानीबाईंचा आवाज आला, रडून बसलेला पण स्पष्ट. "काळी असो का पांढरी असो, गा बाई. आमी ऐकून राह्यलो."

ताईंनी मान वळवून त्यांना शोधलं आणि पुढे बसायला खुणावलं. तानीबाई पानं तिथेच टाकून पुढे आल्या.

भीमपलास सुरू झाला. मी तंबोऱ्याच्या मागे बसलो होतो, डोळे सालीच्या पट्ट्यांवर, कान जोडावर. पहिली काही मिनिटं ताई जपून गायल्या, अनोळखी घरात चालावं तशा. खालचे सूर मला वाटलं होतं त्याहून खोल गेले. मग हळूहळू त्या वर यायला लागल्या. वरच्या सा च्या अलीकडे, नी वर थांबल्या. मुक्ताने सवयीने मान खाली घातली. आणि वरचा सा आला. भरलेला, रुंद, कुठेही न ओढलेला. त्या त्यावर थांबल्या, थांबूनच राहिल्या, जणू घाई करायचं काही कारणच उरलं नव्हतं. मुक्ताने मान वर केली. तिचे गाल भिजले होते. माझेही भिजले होते, सांगायला काय हरकत आहे. जोडावरचं माझं लक्ष तिथे जे उडालं ते उडालंच, आणि जोडाने माझी लाज राखली.

पाचला बायका उठल्या, पानं डोक्यावर घेतली. आमच्याकडे टाळ्या कमीच वाजतात, हात मोकळे नसतात. जाताना एकेक जणी ताईंपुढे थांबून "मस्त झालं बाई" म्हणत होती. तानीबाईंनी सालीचा पट्टा एकदा चाचपून बघितला, पण तंबोऱ्याला हात लागल्याबरोबर चटका बसल्यासारखा मागे घेतला. ताई म्हणाल्या, "असू दे, लावा हात." पण त्यांनी लावला नाही. पुढे त्या रोज माझ्या घरावरून जायच्या तेव्हा विचारायच्या, "त्या बाईचा तंबोरा बरा हाय ना भाऊ?" मी म्हणायचो, बरा आहे. पण मला तरी काय माहीत होतं?

पावसाळा उलटल्यावर हेमाताईंचा फोन आला. तंबोरा त्यांनी तिकडच्या जाणत्या कारागिराला दाखवला होता. सालीच्या पट्ट्या तोवर तशाच होत्या. त्याने त्या सोडल्या, जोड तपासला, ठोकून बघितला, आणि म्हणाला की काम पक्कं आहे, आता खुशाल काळी पाचपर्यंत चढवा. हे ऐकून माझी छाती केवढी झाली ते मी लिहीत नाही, वाचणाऱ्याने समजून घ्यावं.

"मग चढवला का ताई?" मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, राहू दे. आता सगळीकडे काळी चारमध्येच गाते. तेवढं तानीबाईंना सांगा."

मी तसाच तानीबाईंकडे गेलो. त्या अंगणात धान पाखडत होत्या. ताईंचा निरोप सांगितला, तंबोरा बरा झाला, आणि ताई आता काळी चारमध्येच गातात.

"म्हंजे का भाऊ?" सूप थांबवून त्यांनी विचारलं. "माह्या पान्यानं बाईचं काई उनं झालं का?"

"नाई बाई," मी म्हटलं. "त्याहिले आता वर जायले दम लागत नाई."

तानीबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "मंग तसं सांगा ना सीधं," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.